वाघाचं मग पाहू

वाघाचं मग पाहू. चांद्यात, म्हणजे आपल्या चंद्रपुरात, कोणाच्या हाती नवा कॅमेरा आला की लोक एकच विचारतात, ताडोब्याला कधी चाललीस? जा, जरूर जा. पण जिप्सीत बसून काढलेल्या वाघाच्या फोटोत तुझं स्वतःचं असं फार थोडं असतं, हे आधी समजून घे. वाघ कुठल्या पाणवठ्यावर येईल ते गाइडला ठाऊक असतं, गाडी कुठं लावायची ते ड्रायव्हर ठरवतो, वानराचा कॉल सगळ्यांनाच ऐकू येतो, आणि मग ओळीनं लागलेल्या गाड्यांमधून एकाच कोनातले फोटो निघतात. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. आज तिथल्या वाघिणींना नावं आहेत, त्यांच्या पिल्लांच्या वंशावळी लोकांना तोंडपाठ आहेत. त्याच जंगलाच्या काठावरचा पानठेला मात्र कोणी काढत नाही.

तू म्हणतेस, मामा, आपल्या गल्लीत काढण्यासारखं आहेच काय? मग गल्लीतूनच सुरू करू.

वस्तू शोधत हिंडू नकोस, उजेड शोध. दोरीवरचं लुगडं, पाण्याचा गुंड, सायकलची सीट, काहीही चालतं. तू त्या वस्तू रोज वापरतेस म्हणून त्या तुला दिसेनाशा झाल्या आहेत. गुंड समोर आला की पाणी आठवतं आणि डोळा पुढं सरकतो. उजेडाचं तसं नसतं. तो तासातासाला बदलतो आणि त्याचं आपल्याला काही करायचं नसतं, म्हणून डोळा तिथं थांबतो. एकदा डोळा थांबला की गुंडाच्या गळ्यावरची पोच दिसते, बुडाशी साचलेली काळसर रेघ दिसते, आणि दारातून येणारा उजेड त्याच्या पोटावर कसा वळतो तेही दिसतं. मग बटण दाब. आधी दाबलंस तर नुसता गुंडाचा फोटो येईल, आणि तो भांड्यांच्या दुकानातही लावलेला असतो.

याचा सराव कसा करायचा, तर एक भिंत धर. आपल्या गावाला गोंड राजांनी एवढा मोठा दगडी परकोट बांधून ठेवलाय, त्याचा फायदा घे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा, यातली कुठलीही वेस निवड आणि आठवडाभर तिथंच जा : उजाडताना, भर दुपारी आणि दिवे लागायच्या थोडं आधी. वेशीवर हत्तीवर चढलेल्या सिंहाचं राजचिन्ह कोरलेलं आहे. आपण त्याखालून हजारदा गेलो असू, पण ते नीट पाहिलेलं माणूस विरळा. ऊन समोरून पडतं तेव्हा ते शिल्प सपाट, गिलाव्याच्या डागासारखं दिसतं. तेच ऊन बाजूनं, दगडाला घासून आलं की हत्तीची सोंड आणि सिंहाचा पंजा सुटा होतो. कुठल्या वेशीवर ते कधी होतं हे मी सांगणार नाही. वेशींची तोंडं चार दिशांना आहेत आणि सूर्यही वर्षभर एकाच जागेवरून उगवत नाही. एवढं मात्र सांगून ठेवतो, उत्तरेकडं तोंड असलेल्या भिंतीला हिवाळ्यात ऊनच लागत नाही, आणि मे-जूनमध्ये सकाळी लवकर नि संध्याकाळी उशिरा लागतं, तेही अगदी तिरपं. मेच्या विशीच्या आसपास तर चांद्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडातच जाते. त्या दिवशी कॅमेरा घेऊन बाहेर पड. सावल्या नसलेला रस्ता कसा दिसतो ते एकदा बघितलं की सावलीची किंमत कळते.

एकच जागा पुन्हापुन्हा काढायचा कंटाळा येईल म्हणशील, तर प्रागमधल्या योसेफ सुदेकची गोष्ट ऐक. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. एका हातानं तो जुना लाकडी कॅमेरा सांभाळायचा. १९४० ते १९५४ या काळात त्यानं आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. बाहेर आधी जर्मन फौजा, मग कम्युनिस्ट राजवट. आत दवानं भरलेली काच, खिडकीच्या कट्ट्यावर पेला, काचेपलीकडं अंगणातलं एक वाकडं झाड. एवढ्याच ऐवजावर त्यानं जगात नाव केलं.

आता खेड्यावर ये. मूल, सिंदेवाही, चामोर्शी या बाजूला कवेलूची घरं अजून आहेत, पण घरकुलाच्या स्लॅबपुढं ती किती दिवस टिकतील कोण जाणे, म्हणून हे आधी शिक. सकाळी चूल पेटलेली असते. फुटक्या कवेलूतून किंवा मुद्दाम ठेवलेल्या झरोक्यातून उन्हाची एक तिरपी पट्टी खाली उतरते, आणि चुलीच्या धुरामुळं ती डोळ्यांना दिसते. खोलीत धूर नसेल तर पट्टीही नाही, फक्त जमिनीवर एक ठिपका. तू खोलीत शिरलीस की लगेच फोटो काढू नको. दोन मिनिटं अंधारात उभी राहा, डोळे बसू दे. मग फोनच्या पडद्यावर त्या उजेडाच्या पट्टीवर बोट टेकव आणि दाबून धर. फोकस आणि उजेड दोन्ही तिथं कुलूपबंद होतात. शेजारी सूर्याचं चिन्ह दिसेल, ते बोटानं खाली ओढ. ओढत राहा. खोली काळी होत जाईल, भांड्यांची मांडणी बुडेल, भिंतीवरचं कॅलेंडर बुडेल, आणि शेवटी उजेडाची पट्टी, तिच्यात फिरणारा धूर आणि तव्यावर वाकलेला एक हात एवढंच उरेल. तेवढंच हवं होतं. फोनला अंधाराचं भारी वावडं. काळोख दिसला की तो सगळं उजळायला धावतो. त्याचं ऐकू नकोस, आणि फ्लॅश तर बंदच ठेव. आणि हो, आधी लेन्स पूस. सुती साडीचा जुना तुकडा खिशात ठेव. निम्मे धुरकट फोटो हे कॅमेऱ्याचा दोष नसून बोटाचं तेल असतं.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडचा उन्हाळा पुस्तकातल्या फोटोग्राफीत नाही. पारा सत्तेचाळीसवर जातो तेव्हा सकाळी आठ-साडेआठनंतरचं ऊन चेहऱ्याला मारून टाकतं. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, कपाळ पांढरं. अशा वेळी माणसाला उन्हात उभं करू नकोस. सावलीच्या काठाशी उभं कर, तोंड उजेडाकडं. बाजारातल्या हिरव्या जाळीखाली सगळी माणसं हिरवी दिसतात, ते चुकीचं समजून दुरुस्त करू नको, मे महिना तसाच दिसतो. दुपट्ट्यानं तोंड बांधून स्कूटीवर निघालेल्या मुली, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणारा पोऱ्या, रसवंतीच्या घुंगरांखाली पेंगलेला म्हातारा, हे सगळं दुपारचंच आहे. फोन तापून कॅमेरा बंद पडला तर सावलीत ठेव, कव्हर काढ, वारा लागू दे. फ्रीजमध्ये ठेवायची अक्कल काही जण लढवतात. बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं आणि मग दुकानदाराची चांदी.

चेहऱ्याआधी हात काढायला शीक. चेहरा कॅमेरा दिसला की बदलतो, हात कामात असला की त्याला कॅमेऱ्याची पर्वा नसते. पानठेल्यावर जा. खर्रा वाईट, तो खाऊ नको, पण घोटणाऱ्याचा हात बघ. लाकडी पाटीवर प्लास्टिकचा पन्ना, त्यात सुपारी, तंबाखू, चुना, आणि तळहाताची ती पुढंमागं जोरदार घासणी. इथं शटर जलद ठेवलंस, पाचशेवा हिस्सा, तर हात गोठतो आणि मेल्यासारखा दिसतो. पंधराव्या हिश्श्यावर आण, कोपर ठेल्याच्या फळीवर टेकव, श्वास धर. पाटी स्पष्ट येईल, हात वाहता येईल. साध्या फोनमध्ये शटर हाती नसतं. मग संध्याकाळी, एका बल्बच्या उजेडात काढ, तो आपोआप मंदावतो.

तेंदूपत्त्याच्या हंगामात, एप्रिल-मेमध्ये, गडचिरोलीतल्या कुठल्याही गावात दुपारी ओट्यावर बस. पहाटे तोडून आणलेल्या पानांचा ढीग मधे असतो आणि घरातली सगळी माणसं, आजीपासून सुटीला आलेल्या पोरापर्यंत, पुडे बांधत असतात. सत्तर पानांचा एक पुडा. मोजणारी बोटं ओठांच्या आधी चालतात. पानाची वरची बाजू गडद, पाठ फिकट. पाठीवरच्या शिरा बाजूच्या उजेडात दिसतात. इथं अर्धा तास नुसती बस. पहिली दहा मिनिटं सगळे तुझ्याकडं बघतील, मग विसरतील, कारण त्यांना पुडे मोजून द्यायचे असतात. संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, जातात आणि जमिनीवर ओळीनं मांडले जातात. उभी राहून काढलंस तर नुसत्या हिरव्या रेघा येतात. बूड टेकवून बस, कॅमेरा गुडघ्याच्या खाली ने, मग पहिल्या ओळीचे पुडे मोठे होतात, मागची ओळ आभाळापर्यंत जाते आणि या कामाचा आवाका कळतो.

अमेरिकेत एडवर्ड वेस्टननं १९३० साली एका ढोबळ्या मिरचीचा फोटो काढला. मिरची त्यानं पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती, म्हणजे मागून-बाजूनं उजेड परतून तिच्या वळणांवर पडावा. तो फोटो बघताना लोकांना माणसाची पाठ आठवते. आपल्या बाजारातही मिरची आहे, आणि नरसाळं रॉकेलवाल्याकडून उरलेलं प्रत्येक घरात आहे. एखाद्या रविवारी भाजी चिरायच्या आधी हा उद्योग करून बघ. आई ओरडली तर माझं नाव सांग.

मोहफुलांचं मात्र सावधपणे. मार्चअखेर-एप्रिलात फुलं पहाटे गळतात. झाडाखालचा पाला साफ केलेला असतो आणि त्या मोकळ्या जमिनीवर फिकट पिवळी, रसानं टचटचीत फुलं पडत राहतात. पहिलं ऊन झाडाच्या बुंध्याशी आडवं येतं तेव्हा एकेका फुलाला स्वतःची सावली मिळते. फोटोसाठी याहून चांगली वेळ नाही, आणि वाघासाठीही नाही. मोह वेचताना, तेंदू तोडताना चंद्रपूर-गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत माणसं मारली गेली आहेत. जाणते सांगतात, वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. म्हणून बायका गटानं जातात, मोठ्यानं बोलत जातात, एकमेकींना हाका मारत राहतात. तू त्यांच्यासोबतच जा, त्यांच्यासोबतच परत ये, आणि चांगल्या चौकटीच्या नादात एकटी मागं राहू नको. ती टोपली घेऊन, मागं वळून बघत चाललेली बाई, हा माझ्या मते आपल्या भागातला खरा वाघाचा फोटो. त्यात वाघ दिसत नाही, पण तिच्या मानेत तो असतो.

पावसाळ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी. जुलै-ऑगस्टचा ढगाळ उजेड सगळ्यात दयाळू, चेहऱ्यावर कुठं काळं-पांढरं होत नाही. चिखलानं भरलेल्या बांधीत आभाळ उतरलेलं असतं आणि बायका त्यात उभ्या. धुऱ्यावर उभी राहून सगळी रांग काढायचा मोह होईल. एक काढ आणि मोकळी हो, तो कॅलेंडरचा फोटो आहे. मग थांब पऱ्ह्यांची पेंडी फेकली जाते त्या क्षणासाठी. फेकणारा हात, हवेतली पेंडी, खालच्या पाण्यात तिचं प्रतिबिंब, तिन्ही एका चौकटीत आले पाहिजेत. इथं मात्र पाचशेवा हिस्सा. क्षितिज सरळ ठेव. पाणी वाकडं दिसलं की बघणाऱ्याला बाकी काही दिसत नाही. घरी आल्यावर कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, सोबत चपलांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. आपल्याकडच्या ओलीत लेन्सला बुरशी धरते, आणि वेळेत साफ केली नाही तर काच कायमची जाते.

दिवाळीनंतर वडसा, ब्रह्मपुरीकडं मंडईच्या जत्रा सुरू होतात, रात्रभर नाटकं चालतात. रंगमंच समोरून सगळेच काढतात. नाटक कंपनीच्या मालकाला विचारून मागं जा. आरशासमोर अर्धा चेहरा रंगवलेला नट हा उजेडाचा फुकटचा धडा आहे.

आता एक अवघड गोष्ट. दुर्गापूर-ऊर्जानगरकडं हिवाळ्यात सूर्य लाल, गोल, हात लावावा असा उगवतो. तो धुळीनं आणि राखेनं रंगलेला असतो. २९२० मेगावॅटचं वीज केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, घुग्घुसपर्यंत काळे झालेले रस्ते. चिमण्यांमागचा तो सूर्य काढलास तर फोटो फार देखणा येतो, आणि तीच पंचाईत आहे. लोक वाहवा करतात आणि खोकला विसरतात. मी तिथं वेगळं काढायला सांगेन. सकाळी पुसलेला ओटा आणि दुपारी त्यावर बोटानं ओढलेली रेघ. दोरीवरचं पांढरं बनियन उलटं करून वाळत घालणारी बाई. पानांवरचा काळा थर आणि पहिल्या पावसानंतर त्याच झाडाची निम्मी धुतली गेलेली पानं. आपल्या अकोल्याकडच्या सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो वर्षानुवर्षं काढले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो बघ. घाणीत गळ्यापर्यंत उतरलेला माणूस त्यात आहे, पण बघणाऱ्याची नजर घाणीवर न थांबता त्या माणसाशी जाऊन भिडते. हे कसं साधलं ते त्या चौकटींत शोध. कॅमेरा कुठल्या उंचीवर आहे, कामगार कॅमेऱ्याकडं बघतोय की कामाकडं, एवढं पाहिलंस तरी पुष्कळ.

गडचिरोलीत आत जाशील, धानोरा, एटापल्ली, भामरागड, तर आणखी काही नियम आहेत. पोलीस मदत केंद्र दिसलं की कॅमेरा पिशवीत. गावात पोचल्यावरही पिशवीतच. आधी पाणी पी, कोणाकडं आलीस ते सांग, मग विचार. गोटुलाचा, देवाच्या जागेचा, मयताचा फोटो न विचारता काढायचा नाही, म्हणजे नाही. मेंढा-लेखासारख्या गावात निर्णय ग्रामसभेत सगळे मिळून घेतात. २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवलेलं ते गाव आहे. तिथं एका माणसानं मान हलवली म्हणजे गावाचा होकार नव्हे. माडिया बाईला दागिने घालून बस म्हणून सांगू नकोस. ती मोबाइलवर बोलत असेल तर तसाच काढ, आजचा फोटो तो आहे. प्राणहितेपलीकडं आदिलाबादमध्ये १९४०च्या दशकात हायमेनडॉर्फ नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं गोंडांचे फोटो काढले. तो आणि त्याची बायको मारलवाई गावात राहिले, त्यानं गोंडी शिकून घेतली. त्या बाईंची समाधी आजही मारलवाईला आहे. आपण एवढं करू शकत नाही, पण सकाळच्या बसनं जाऊन दुपारच्या बसनं परत येण्याच्या मधे निदान एक जेवण तिथं जेवावं.

आकड्यांचा धाक स्वतःला घाल. आग्फा क्लिक थ्रीमध्ये एका रोलमध्ये बारा फोटो निघत. रोल महाग, धुणं महाग, त्यामुळं बटणावर बोट ठेवूनही आम्ही बराच वेळ नुसते बघत बसायचो. ज्या कॅमेऱ्यात छिद्र-शटर बदलता यायचं त्यातही मीटर नसायचा. शंभराची फिल्म, स्वच्छ ऊन, छिद्र सोळावर आणि शटर एकशेपंचविसावा हिस्सा, हा मंत्र पाठ. तो आजच्या कॅमेऱ्यातही चालतो, एकदा ऑटो बंद करून बघ. तूही बाजारात जाताना ठरव, आज बाराच. तेरावा दिसला तर आधीच्यातला एक पुसायचा. आठवड्याचे जमतील त्यातले तीन ठेव. कुठले तीन, हे त्याच रात्री ठरवू नकोस. काढताना झालेला आनंद उतरू दे, चार दिवसांनी बघ. उन्हात दोन तास उभं राहून मिळालेला फोटो आपल्याला उगाच मोठा वाटतो, बघणाऱ्याला ते दोन तास दिसत नसतात.

आणि प्रती काढ. फोनमध्ये राहिलेला फोटो कोणाचाच नसतो. ज्यांचा काढलास त्यांना चार बाय सहाची एक प्रत नेऊन दे, पोस्टानं नको, स्वतः. पुढच्या वेळी त्याच ओट्यावर तुला विचारावं लागणार नाही. मागच्या बाजूला गाव आणि तारीख लिही, पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेनची शाई दुसऱ्या प्रतीवर उमटते आणि दाब पुढून दिसतो. लॅबवाल्याला मात्र ठणकावून सांग, ऑटो करेक्शन बंद ठेव. नाहीतर कवेलूच्या घरातला तुझा सगळा अंधार उजळून, वर मोबदला घेऊन, तो तुला भिंतीवरच्या कॅलेंडरसकट परत करील.